एकदा दिलेलं मत, दोनदा मोजलेलं

१८ एप्रिल २०१९. लोकसभेचं मतदान. उमरगा तालुक्यातला एक मतदार शाळेच्या खोलीत शिरतो, धनुष्यबाणासमोरचं निळं बटण दाबतो आणि बाहेर पडतो. सहा महिन्यांनी, २१ ऑक्टोबरला, विधानसभेचं मतदान. बहुधा तीच शाळा, तोच माणूस, तेच चिन्ह. दोन्ही वेळा त्याचा उमेदवार निवडून येतो. खासदार होतात ओमराजे निंबाळकर आणि आमदार ज्ञानराज चौगुले. मतदाराच्या दृष्टीनं विषय तिथंच संपतो.

त्या मतांचं आयुष्य मात्र संपलेलं नव्हतं. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी दिल्लीत निवडणूक आयोगानं शिवसेनेच्या वादाचा निकाल देताना हीच मतं पुन्हा हिशेबात धरली. प्रश्न होता, शिवसेना कोणाची? एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेलेल्या आमदार-खासदारांना २०१९ मध्ये किती मतं पडली होती आणि उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिलेल्यांना किती, याची बेरीज झाली. ओमराजे ठाकऱ्यांकडे राहिले होते, चौगुले शिंद्यांकडे गेले होते. त्यामुळे आपल्या या मतदाराचं एप्रिलचं मत ठाकऱ्यांच्या रकान्यात पडलं आणि ऑक्टोबरचं शिंद्यांच्या. एकाच माणसानं एकाच चिन्हाला दिलेली दोन मतं एकमेकांविरुद्ध पुरावा म्हणून उभी राहिली. त्याला मात्र कोणी काहीच विचारलं नाही.

पक्षनिष्ठा ही काय चीज आहे, ती नेमकी कशाला चिकटलेली असते आणि नेत्यानं फसवलं असं वाटल्यावर तिचं काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर धाराशिव जिल्ह्यासारखी जागा शोधून सापडणार नाही. जिल्ह्यात विधानसभेचे मतदारसंघ फक्त चार. २०१९ मध्ये त्यातल्या तिघांवर शिवसेनेचे आमदार निवडून आले: धाराशिवला कैलास पाटील, उमरग्याला चौगुले, परंड्याला तानाजी सावंत. २०२२ च्या फुटीत दोघे शिंद्यांकडे गेले, एक ठाकऱ्यांकडे राहिला. आणि या सगळ्यांवरचा खासदारही ठाकऱ्यांकडेच. एवढ्याशा मुलखात फुटीची रेघ तालुक्या-तालुक्यांमधून गेली, आणि उमरगा-परंड्यात तर एकेका मतदाराच्या दोन मतांमधून.

आयोगाचा हिशेब आधी नीट पाहू, कारण तो थक्क करणारा आहे. चिन्हाचा वाद सोडवायचा अधिकार आयोगाला १९६८ च्या चिन्ह आदेशानं मिळतो. १९६९ मध्ये काँग्रेस फुटली, त्या वादातल्या सादिक अली खटल्यात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयानं आयोगाचा मार्ग मान्य केला. पक्षाची ध्येयं कोण पाळतो, घटना कोण पाळतो आणि बहुमत कोणाकडे, या त्या तीन कसोट्या. शिवसेनेच्या बाबतीत आयोगाला पहिल्या दोन कसोट्यांवर भिस्त ठेवता आली नाही. उरलं बहुमत, तेही निवडून आलेल्यांचं. ५५ आमदारांपैकी ४० शिंद्यांकडे होते आणि त्यांची २०१९ ची मतं भरली ३६ लाख ५७ हजार ३२७. ठाकऱ्यांकडच्या १५ आमदारांची मतं ११ लाख २५ हजार ११३. म्हणजे ७६ टक्के विरुद्ध २४ टक्के. धनुष्यबाण शिंद्यांना मिळाला.

या आकड्यांत आपला जिल्हा शोधला तर परंड्याची सुमारे १ लाख ६ हजार आणि उमरग्याची सुमारे ८६ हजार मतं पहिल्या बेरजेत आहेत. धाराशिवची सुमारे ८७ हजार दुसरीत. ज्या दिवशी ही मतं पडली त्या दिवशी शिवसेना एकच होती आणि तिची युती भाजपशी होती. मत देणाऱ्यांत कट्टर शिवसैनिक होते, भाजपचे लोक होते, नुसता उमेदवार बघून आलेले होते. पुढं कोणत्या तरी बाजूला जाण्याची संमती त्यांच्यापैकी कोणीही त्या बटणातून दिलेली नव्हती. उमेदवार गेला आणि त्याच्या पाठोपाठ मतही गेलं, असं धरून चाललेला हा हिशेब आहे. कायद्यात तो बसला. निष्ठेच्या व्यवहारात बसला का, हे पुढं २०२४ मध्ये दिसायचं होतं.

त्याआधी २० जून २०२२ ची रात्र, फूट सुरू झाली ती. विधान परिषदेचं मतदान आटोपलं होतं. कैलास पाटील पहिल्यांदाच निवडून आलेले, तरुण आमदार. त्यांनी नंतर पत्रकारांना जे सांगितलं ते असं: ठाण्याला जायचं म्हणून गाडीत बसवलं गेलं, गाडी ठाणं ओलांडून पालघरच्या दिशेनं धावू लागली आणि गुजरातची हद्द जवळ आली तेव्हा काय चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं. तलासरीच्या नाक्याजवळ वाहनांची रांग लागली होती. लघुशंकेचं कारण सांगून ते उतरले, उभ्या ट्रकांच्या आडोशानं मागं फिरले आणि भर पावसात अंधारातून चालत सुटले. काही किलोमीटर पायी, मग एका मोटारसायकलवर, मग एका ट्रकमधून असं करत ते मुंबईला पोहोचले आणि पक्षप्रमुखांना जाऊन भेटले.

या रात्रीची मला सर्वात विलक्षण वाटणारी बाजू पाटलांच्या धाडसाची नाही. ज्या क्षणी ते गाडीतून उतरले त्या क्षणी सत्ता, मंत्रिपदं, निधी या सगळ्याची दिशा ती गाडी जात होती तिकडेच होती. दहाव्या दिवशी शिंदे मुख्यमंत्री झाले. परंड्याचे सावंत आरोग्यमंत्री झाले. पाटील विरोधी बाकावर बसले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात पीकविम्याच्या पैशांसाठी धाराशिवला उपोषणाला बसले. राजकारण म्हणजे निव्वळ फायद्या-तोट्याचं गणित असतं, तर ती रात्र घडलीच नसती.

दुसरी बाजूही इथं मांडायला हवी, कारण फसवणुकीची भावना एकाच गटाची नव्हती. शिंदे गटाचं म्हणणं होतं की विश्वासघात २०१९ मध्येच झाला. भाजपबरोबर मतं मागितली आणि ज्यांच्याविरुद्ध मागितली त्या काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर सरकार केलं. ठाकरे गटाच्या लेखी विश्वासघात म्हणजे शिंद्यांबरोबरच्या आमदारांचं सुरत आणि गुवाहाटीला जाणं. 'पन्नास खोके, एकदम ओके' ही घोषणा ऑगस्ट २०२२ मध्ये विधान भवनाच्या पायऱ्यांवर घुमली आणि गावच्या पारापर्यंत पोहोचली. आमदारांनी पैसे घेतल्याचा हा खोक्यांचा आरोप न्यायालयात सिद्ध झालेला नाही. पण दोन्ही आरोपांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मत एका शब्दावर मागितलं गेलं आणि वापरलं दुसऱ्याच कामाला. गावातला मतदार ज्याला फसवणूक म्हणतो ती हीच.

मग कायदा काय करत होता? १९६७ मध्ये हरियाणाचे आमदार गयालाल यांनी पक्षांतराचा इतका सपाटा लावला की 'आयाराम-गयाराम' देशभर बोललं जाऊ लागलं. १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं. पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडला तर आमदारकी जाणार. त्यात एक पळवाट होती, एक तृतीयांश आमदार फुटले तर ती फूट ग्राह्य. २००३ च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीनं ती बंद केली. राहिली ती फक्त दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची सवलत. आता गंमत अशी की २०२२ मध्ये फुटलेल्यांनी विलीनीकरण केलंच नाही. आम्ही पक्ष सोडलाच नाही, आम्हीच पक्ष आहोत, असं ते म्हणाले. ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं शिंदे गटाच्या प्रतोदाला विधानसभा अध्यक्षांनी दिलेली मान्यता बेकायदा ठरवली, पण ठाकऱ्यांनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिल्यामुळं जुनं सरकार परत आणता येत नाही, असंही सांगितलं. अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे गेला. १० जानेवारी २०२४ ला अध्यक्ष राहुल नार्वेकरांनी निकाल दिला: शिंदे गट हीच शिवसेना, अपात्र कोणीच नाही.

म्हणजे ज्या कायद्याचा जन्म पक्षांतर रोखण्यासाठी झाला, त्याच्यापुढं चाळीस आमदारांनी बाजू बदलली आणि एकाचंही पद गेलं नाही. या सगळ्या प्रक्रियेत आयोग होता, न्यायालय होतं, अध्यक्ष होते, राज्यपाल होते. मतदाराची जागा कुठंच नव्हती.

मतदार अशा वेळी काय करू शकतो? संस्था बिघडल्यावर माणसं काय करतात, यावर आल्बर्ट हिर्शमन या बर्लिनमध्ये जन्मलेल्या अर्थतज्ज्ञानं १९७० साली एक छोटंसं पुस्तक लिहिलं. त्याला ते सुचलं नायजेरियाची रेल्वे बघून. उत्तरेकडचा भुईमूग शेकडो मैल बंदरापर्यंत न्यायचा, तर रेल्वे स्वस्त पडायला हवी. पण व्यापारी ट्रककडे वळले होते आणि रेल्वे होती तशीच ढिली. गिऱ्हाईक गेल्यावर रेल्वे सुधारायला नको का? हिर्शमनला उत्तर सापडलं ते असं: जे सगळ्यात जास्त वैतागलेले, ज्यांनी आरडाओरडा केला असता, तेच आधी निघून गेले. मागं राहिलेले गप्प बसणारे. म्हणून रेल्वेला कोणी जागं केलंच नाही.

यावरून त्यानं मांडलं की संस्था बिघडली की माणसापुढं दोन रस्ते असतात, सोडून जाणं किंवा आत राहून बोलणं. आणि निष्ठेचं काम काय? निष्ठा माणसाला लगेच निघून जाऊ देत नाही. ती त्याला थांबवते आणि थांबलेला माणूस बोलतो. हे वाचल्यावर निष्ठावंत कार्यकर्त्याकडे बघायची माझी नजरच बदलली. आपण त्याला आंधळा समजतो. खरं तर पक्षावर सगळ्यात कडक टीका तोच करतो, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, कारण पक्ष त्याचा आहे. विरोधकाला ती तळमळ कुठून असणार? भाई उद्धवराव पाटील याच जिल्ह्यातले. शेतकरी कामगार पक्षाचे संस्थापक केशवराव जेधे, शंकरराव मोरे काँग्रेसमध्ये परतले, तरी उद्धवराव शेकापमध्येच राहिले आणि विधानसभेत विरोधी बाकांवरून गाजले. राहणं आणि बोलणं या दोन्ही गोष्टी एकाच माणसात इथल्या लोकांनी पाहिलेल्या आहेत.

पण हिर्शमनच्या मांडणीत जे नाही ते धाराशिवला घडलं. इथं मतदार कुठंच गेला नाही. तो होता तिथंच उभा राहिला आणि पक्षच त्याच्या पायाखाली दुभंगला. मग निष्ठा कोणाशी?

७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान झालं. त्या दिवशीचं यंत्र डोळ्यांसमोर आणा. ठाकऱ्यांच्या ओमराजेंसमोर मशाल, त्यांच्या गटाचं नवं चिन्ह. भाजप, शिंदे गट आणि फुटलेल्या राष्ट्रवादीचा अजित पवार गट यांच्या महायुतीनं ही जागा अजित पवारांच्या राष्ट्रवादीला दिली होती. उमेदवार अर्चना पाटील, म्हणजे तुळजापूरचे भाजप आमदार राणाजगजितसिंह पाटील यांच्या पत्नी. उमेदवारीच्या वेळीच त्या राष्ट्रवादीत आल्या होत्या. त्यांच्यासमोर घड्याळ. १९९६ पासून दर लोकसभेला या मतदारसंघाच्या मतपत्रिकेवर किंवा यंत्रावर असलेला धनुष्यबाण त्या दिवशी कुठंच नव्हता.

याचा अर्थ किती खोल जातो बघा. शिंदे गटाच्या शिवसैनिकानं बटण दाबायचं होतं घड्याळाचं, ज्या घड्याळाशी तो वीस वर्षं गावागावांत भांडला होता. शरद पवार ठाकऱ्यांबरोबर होते, म्हणून त्यांना मानणाऱ्या जुन्या राष्ट्रवादीवाल्यानं घड्याळ टाळून दाबायची होती मशाल, म्हणजे शिवसेना, जिला पाडण्यासाठी त्यानं आयुष्यभर प्रचार केला. २०१९ मध्ये याच ओमराजेंच्या विरोधात राष्ट्रवादीकडून राणाजगजितसिंह उभे होते. त्यांच्यासाठी घाम गाळलेला कार्यकर्ता आता ओमराजेंसाठी मतं मागत होता. चिन्ह, पक्ष, जुनं वैर, सगळ्याच खुणा उलट्या-सुलट्या झालेल्या. मतदार गोंधळेल, घरी बसेल, असं कोणालाही वाटलं असतं.

ओमराजेंना ७ लाख ४८ हजार मतं पडली. ३ लाख २९ हजार ८४६ मतांनी ते जिंकले. २०१९ मधली आघाडी होती सव्वा लाखाच्या आसपास. यात मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा, सोयाबीनच्या पडलेल्या भावाचा वाटा मोठा होता. सगळं श्रेय निष्ठेला देता येणार नाही. पण एवढं नक्की की लाखो लोकांनी अनोळखी चिन्हं दीड-दोन वर्षांत शिकून घेतली आणि त्यांच्या आडचा माणूस अचूक हेरला.

नोव्हेंबरात विधानसभेला वारं फिरलं. राज्यात महायुतीनं २८८ पैकी २३० जागा घेतल्या. ठाकऱ्यांना मिळाल्या फक्त २०. अख्ख्या मराठवाड्यात तीन, आणि त्या तीनपैकी दोन एकट्या धाराशिव जिल्ह्यात. कैलास पाटील ३६ हजारांवर मतांनी जिंकले. उमरग्यात तीन वेळा निवडून आलेले चौगुले हरले, पहिल्यांदाच लढणाऱ्या प्रवीण स्वामींकडून, ३,९६५ मतांनी. परंड्यात सावंत वाचले, पण कसे? २०१९ मध्ये राष्ट्रवादीच्या राहुल मोटेंवर त्यांची आघाडी ३२ हजारांची होती, आता उरली १,५०९.

हे वाचून कोणीही म्हणेल की लोकांनी फुटणाऱ्यांना धडा शिकवला. मलाही आकडे बघताना तसंच वाटत होतं, जोवर मी फक्त फरक बघत होतो. मग उमेदवारांची एकूण मतं बघितली आणि चक्रावलो. चौगुलेंना २०१९ मध्ये सुमारे ८६ हजार मतं होती. हरले त्या २०२४ मध्ये सुमारे ९२ हजार! मतं वाढली आणि आमदारकी गेली. सावंतांची मतं १ लाख ६ हजारांवरून १ लाख ३ हजारांवर आली, म्हणजे जेमतेम तीन हजारांनी घटली. वाढली ती समोरच्यांची. उमरग्यात दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला २०१९ मध्ये ६१ हजार होती, २०२४ मध्ये विजयी स्वामींना ९६ हजार. परंड्यात मोटे ७३ हजारांवरून १ लाख १ हजारावर गेले.

एकूण आकडा जवळपास तोच राहिला, पण त्यातली माणसं तीच होती का? लाडकी बहीण योजनेच्या दीड हजारांनी जोडलेल्या नव्या स्त्री मतदार किती, अजित पवारांमुळं आलेले जुने राष्ट्रवादीवाले किती, आणि मन उडालं म्हणून गेलेले जुने शिवसैनिक किती? मत गुप्त आहे, त्यामुळं हे यंत्रातून कधीच बाहेर येणार नाही. माझा कौल असा: निष्ठा तुटते तेव्हा आवाज होत नाही. एक माणूस उठून जातो, त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो, आणि बेरजेला पत्ता लागत नाही. म्हणूनच आयोगाची ती ७६ टक्क्यांची बेरीज मला पटत नाही. तीन-चार वर्षांपूर्वीच्या मतांचे मालक आता कुठं आहेत, हे बेरजेला माहीत नसतं.

परंड्याची गोष्ट अजून एका कारणासाठी बघण्यासारखी आहे. तिथं २०२४ च्या यंत्रावर धनुष्यबाण होता सावंतांचा, पण मशाल नव्हती. जागा शरद पवारांच्या पक्षाला सुटली होती. ठाकऱ्यांना मानणाऱ्या शिवसैनिकानं काय करायचं? मोटेंना मत द्यायचं, जे २००४ पासून सलग तीन वेळा राष्ट्रवादीचे आमदार होते आणि ज्यांना हरवण्यासाठी शिवसेना झगडत आली होती. त्यांचं चिन्हही नवं, तुतारी वाजवणारा माणूस. त्याच यंत्रावर खाली एका अपक्षासमोर होतं तुतारीसारखंच वाद्य, ट्रम्पेट. त्या अपक्षाला चार हजारांहून अधिक मतं पडली, हार-जितीच्या फरकापेक्षा जास्त. त्यातली किती चुकून पडली, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. पण साताऱ्यात त्याच वर्षी लोकसभेला असंच झालं होतं: तुतारीवाले शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि ट्रम्पेटवाल्या उमेदवाराला ३७,०६२ मतं होती. बटण दाबल्यावर बाजूच्या काचेत चिठ्ठी दिसते ती सात सेकंद. निष्ठा मनात कितीही पक्की असो, शेवटी ती त्या इंच-दीड इंचाच्या चित्रातून जाते.

आणि तुळजापूर? राणाजगजितसिंह एप्रिल २०१९ मध्ये राष्ट्रवादीचे लोकसभा उमेदवार होते, सप्टेंबरमध्ये भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबरात तुळजापुरातून २३ हजारांनी जिंकले. २०२४ मध्ये आघाडी ३६ हजारांवर गेली. तेव्हा पक्ष बदलला की लोक पाडतातच, असा नियम या जिल्ह्यातून निघत नाही. फरक मला दिसतो तो इतकाच की त्यांनी पक्ष आधी बदलला आणि मत नंतर मागितलं. पटलं त्यांनी दिलं, नाही पटलं त्यांनी दिलं नाही. फसलो असं म्हणायची वेळ तिथं मतदारावर आली नाही.

महाराष्ट्रात हे स्वच्छपणे केल्याची उदाहरणं आहेत. नारायण राणे २००५ मध्ये शिवसेनेतून काँग्रेसमध्ये गेले, आमदारकीचा राजीनामा दिला आणि मालवणच्या पोटनिवडणुकीत लोकांसमोर उभे राहिले. लोकांनी निवडून दिलं. उदयनराजे भोसले २०१९ मध्ये राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले, खासदारकी सोडली आणि साताऱ्याच्या पोटनिवडणुकीला सामोरे गेले. लोकांनी श्रीनिवास पाटलांना निवडलं. एकजण जिंकला, एकजण हरला, आणि दोन्ही ठिकाणी उत्तर मतदारानं दिलं.

धाराशिव जिल्ह्यात २०१९ ते २०२४ या काळात तीन आमदार आणि एक खासदार दोन पक्षांत विभागले गेले, पण पोटनिवडणूक एकही झाली नाही. पुढच्या वेळी मत मागायला कोणीही दारात आलं, कोणत्याही चिन्हाचं, तर वाचकहो, त्याला रस्त्याचं आणि पाण्याचं विचारा, पण त्याच्याही आधी एक विचारा: पक्ष सोडावासा वाटला तर आमदारकी सोडून पुन्हा आमच्यासमोर याल का? आणि हे उत्तर चार माणसांदेखत घ्या.